चोणकाचा चिकटा, लायसोझाइमचा आकडा आणि पावडरीचा डबा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात चोडणच्या बाजूला खाजनातली (खाडीकाठी बांद घालून राखलेल्या जमिनीतली) एक पोंय, म्हणजे तळी, भाड्याने घेऊन दोन वर्षं चोणक हा खाडीतला मासा वाढवतोय. गेल्या पावसात दोनदा माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, खवले सुटले. रक्त तपासायला दिलं तर अहवालात ‘सीरम लायसोझाइम कमी’ एवढीच ओळ आली. दुकानदाराने ‘जीवाणू मारणारी एन्झाइमं’ असलेली महागडी पावडर दिली आहे. खाद्यात मिसळा नाहीतर पाण्यात सोडा, म्हणतो. काका चाळीस वर्षं मानशीवर, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांदाच्या दारांवर, होते. ते म्हणतात, माशाचा चिकटा गेला की मासा गेला, पावडर कसली घालतोस. यात खरं कोणाचं?

खरं काकांचं. फक्त त्यांनी चाळीस वर्षांच्या नजरेने जे हेरलं, त्याचं कारण त्यांना कोणी सांगितलं नसेल. ते सांगायला मला जरा लांबून सुरुवात करावी लागेल.

आपल्या कातडीचा सगळ्यात बाहेरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. सुकलेला आणि टणक. माशाचं तसं नाही. खवल्यांच्याही वर त्याची एक पातळ त्वचा असते आणि ती अगदी वरच्या पेशीपर्यंत जिवंत असते. ही जिवंत त्वचा रात्रंदिवस पाण्यात, आणि खाडीच्या एका मिलिलिटर पाण्यात जीवाणू काही लाखांच्या घरात. मग मासा जगतो कसा? त्या त्वचेत ठिकठिकाणी चिकटा बनवणाऱ्या पेशी असतात. त्या सतत चिकटा बाहेर टाकतात, जुना थर पाण्यात वाहून जातो, नवा येतो. जीवाणू चिकटला तरी बूड टेकवायच्या आत त्याच्या पायाखालची जमीनच निघून जाते. वाम साफ करायची तर आधी राख चोळावी लागते हे घरात मासळी निवडणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. हातातून निसटायला लावणारा तो बुळबुळीत थर म्हणजे माशाच्या संरक्षणाची पहिली फळी.

पण चिकटा नुसता निसरडा नसतो. त्यात हत्यारं असतात आणि त्यातली बरीच एन्झाइमं आहेत. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो लायसोझाइमचा.

त्याचा शोध लागला तो शेंबडात. १९२१ साली अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दी झाली होती. त्याने स्वतःच्या नाकातला स्राव जीवाणूंच्या थाळीवर टाकून पाहिला, आणि स्रावाच्या आजूबाजूचे पिवळे ठिपके विरघळून गेलेले दिसले. १९२२ मध्ये त्याने ते छापलं. पेनिसिलिन पुढे १९२८ चं. अश्रू, लाळ, अंड्याचा पांढरा बलक, जिथे पाहावं तिथे हे एन्झाइम सापडत गेलं. १९६५ मध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमची त्रिमिती रचना क्ष-किरणांनी उलगडली. एखाद्या एन्झाइमची रचना अशी पूर्ण दिसण्याची ती पहिलीच वेळ होती. १२९ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, आणि तिच्या कुशीत एक खाच.

ती खाच काय करते, ते खाजनवाल्याला समजावणं सोपं आहे. जीवाणूच्या आत क्षार आणि साखरा दाटीवाटीने भरलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत घुसू पाहतं. त्याला थोपवून धरते ती पेशीभित्तिका, म्हणजे जीवाणूचा बांद. हा बांद दोन प्रकारच्या साखरांची आलटून पालटून गुंफलेली माळ आणि तिला आडवे बांधणारे प्रथिनांचे तुकडे यांचा असतो. लायसोझाइमची खाच नेमकी त्या दोन साखरांमधला दुवा पकडते आणि तोडते. एक दुवा तुटून काही होत नाही. शेकडो तुटले की बांद खचतो, पाणी आत घुसतं आणि जीवाणू फुटतो. उधाणाच्या भरतीला खेकड्यांनी पोखरलेला बांद कसा जातो ते तुम्ही पाहिलं असेलच.

आता यातली मेख. कोंबडीचं लायसोझाइम ज्या जीवाणूंवर जोरात चालतं त्यांची ही भिंत उघडी असते. ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात ते हे. चोणकाला छळणारे बरेचसे जीवाणू, व्हिब्रिओ, एरोमोनास, फोटोबॅक्टेरियम, ग्रॅम निगेटिव्ह आहेत. त्यांची भिंत पातळ असते खरी, पण तिच्यावर आणखी एक चरबीयुक्त पडदा असतो आणि लायसोझाइम त्या पडद्यापाशीच अडतं. राहिला स्ट्रेप्टोकॉकस. तो ग्रॅम पॉझिटिव्ह असूनही निवांत बसतो, कारण या गटातले बरेच जीवाणू भिंतीतल्या साखरांमध्ये बारीकसा रासायनिक बदल करून ठेवतात आणि मग एन्झाइमच्या खाचेत ती साखर बसतच नाही. कुलूप तेच, लिव्हर बदललेले.

मग मासे काय करतात? एक तर त्यांचं लायसोझाइम कोंबडीच्या लायसोझाइमपेक्षा बऱ्याचदा जास्त दणकट असतं. ट्राउट माशाच्या मूत्रपिंडातून काढलेलं लायसोझाइम काही ग्रॅम निगेटिव्ह रोगजंतूंनाही मारतं, हे १९८० च्या दशकाच्या शेवटी दाखवून झालं आहे. माशांत त्याचे दोन प्रकार मिळतात. एक कोंबडीच्या धर्तीचा आणि दुसरा पहिल्यांदा हंसाच्या अंड्यात सापडला म्हणून हंसाच्या नावाने ओळखला जाणारा. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, मासा एकट्या लायसोझाइमवर विसंबत नाही. त्याच्या रक्तात ‘पूरक प्रथिनं’ असतात. ती म्हणजे एकमेकांना कापत जाणाऱ्या एन्झाइमांची माळ. पहिलं दुसऱ्याला कापून जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी जीवाणूच्या बाहेरच्या पडद्याला भोकं पडतात. त्या भोकांतून लायसोझाइम आत शिरतं. या माळेतला जो रस्ता प्रतिपिंडांची वाट न पाहता सुरू होतो, तो माशांत आपल्यापेक्षा कितीतरी जोरकस असतो. त्याला तसं असावंच लागतं. माशाला प्रतिपिंडं तयार करायला आठवडे लागतात, आणि व्हिब्रिओला पोंय रिकामी करायला आठवडाही पुरतो.

बाकीची मंडळी भराभर सांगतो, पण दोघांपाशी थांबणार आहे कारण ती मला फार आवडतात.

पहिली गोष्ट शिंगाळ्याच्या जातकुळीतल्या एका आशियाई माशाची. त्याच्या कातडीत कॅथेप्सिन डी नावाचं प्रथिन कापणारं एन्झाइम झोपलेल्या अवस्थेत असतं. कातडीला जखम झाली की दुसरं एक एन्झाइम येऊन त्याला जागं करतं. जागं झालं की ते हिस्टोनला कापतं. हिस्टोन म्हणजे पेशीच्या केंद्रात डीएनए गुंडाळून ठेवणारं, अगदी घरगुती कामाचं प्रथिन. त्यातून १९ अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो आणि तो तुकडा जबर जीवाणूनाशक निघतो. घरातली विळी भाजी चिरायची आणि चोर आला की तीच हातात घ्यायची, तसला प्रकार.

दुसरी गोष्ट कोरिया-जपानच्या किनाऱ्यावरच्या एका खडपी माशाची. त्याच्या चिकट्यात एक ऑक्सिडेज आहे. ते लायसीन हे अमिनो आम्ल खातं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. जखमेवर फेस आणणारं दवाखान्यातलं औषध ते हेच. मधात जंतू वाढत नाहीत त्यामागेही असंच एक पेरॉक्साइड बनवणारं एन्झाइम असतं. मधमाशी आणि खडपातला मासा एकमेकांना कधी न भेटता एकाच युक्तीवर आले.

शिवाय चिकट्यात ट्रिप्सिनसारखी प्रथिनं कापणारी एन्झाइमं असतात, अल्कलाइन फॉस्फटेज असतं. रक्तातल्या भक्षक पेशींत ऑक्सिजनपासून विषारी रसायनं बनवणारी एन्झाइमं असतात. ही नावं पाठ करायची गरज नाही. एवढं ध्यानात ठेवा की ही सगळी टोळी मिळून काम करते, आणि पावडरीच्या डब्यावर त्यातल्या एखाद्याचंच नाव छापलेलं असतं.

ही एन्झाइमं बनतात कुठे, तर माशाला आपल्यासारखी अस्थिमज्जा नसते. ते काम त्याच्या मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो. मासा चिरल्यावर पाठीच्या कण्याला लागून काळपट लाल पट्टा दिसतो ना, जो आपण बोटाने खरवडून टाकतो, त्याचं डोक्याकडचं टोक. लायसोझाइम बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे तयार होतात आणि तिथून रक्तात, कल्ल्यांत, आतड्यात, कातडीत पसरतात.

आता तुमचा अहवाल.

लायसोझाइम मोजतात कसं ते डोळ्यांसमोर आणा. फ्लेमिंगच्या थाळीवर विरघळला तोच मायक्रोकॉकस वाळवलेल्या पावडरीच्या रूपात मिळतो. तो क्षारद्रावणात कालवला की भाताच्या पेजेसारखं गढूळ पाणी होतं. त्यात माशाच्या रक्ताची निवळ, म्हणजे सीरम, थेंबभर घालायची आणि यंत्रात बघत राहायचं. लायसोझाइम जीवाणू फोडत जातं तसं पाणी निवळत जातं. दर मिनिटाला यंत्रातला गढूळपणाचा आकडा ०.००१ ने उतरला की त्याला एक युनिट धरतात. समजा २० मायक्रोलिटर सीरम घातलं आणि ५ मिनिटांत आकडा ०.०३० ने उतरला. मिनिटाला ०.००६, म्हणजे ६ युनिट. ते २० मायक्रोलिटरमध्ये, म्हणून मिलिलिटरला ३००. झाला तुमचा अहवाल.

या पद्धतीत द्रावणाची आम्लता, तापमान, जीवाणूची पावडर यातलं काहीही थोडं इकडचं तिकडे झालं तरी आकडा हलतो. एका प्रयोगशाळेचे ३०० आणि दुसरीचे ३०० एकच असतील असं नाही. चोणकाचा आकडा काळुंदराच्या आकड्याशी लावायचा नाही, आणि मे महिन्यातल्या चोणकाचा ऑगस्टमधल्या चोणकाशीही लावायचा नाही. ‘कमी’ म्हणजे कोणापेक्षा कमी? तुमच्याच पोंयीतले, त्याच दिवशी, त्याच आकाराचे धडधाकट मासे सोबत तपासले होते का? तुमच्या पत्रावरून तरी नाही. मग त्या ओळीला मी फारसं वजन देणार नाही.

हे मी दुसऱ्याला शिकवतोय खरं, पण स्वतः ठेच खाऊन शिकलोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पिंजऱ्यातल्या चोणकाचा चिकटा घ्यायला गेलो होतो. घाईत होतो, भरती चढत होती, होडीवाला हाका मारत होता. सुरीच्या पात्याने जरा जोरात खरवडलं. नळीत गोळा झालेला चिकटा फिकट गुलाबी होता. मी पाहिलं आणि दुर्लक्ष केलं. प्रयोगशाळेत लायसोझाइमचा आकडा मस्त वर आला. मी मालकाला फोन करून सांगितलं, तुमच्या माशांची प्रतिकारशक्ती उत्तम आहे. नवव्या दिवशी त्याचा फोन आला, मासे तरंगायला लागले. तो गुलाबी रंग रक्ताचा होता. मी चिकट्यातलं नाही, रक्तातलं लायसोझाइम मोजलं होतं, आणि वर त्याच माशांची कातडी ओरबाडून जंतूंना वाट करून दिली होती. तेव्हापासून मी चिकटा घेताना पातं वापरत नाही. भूल दिलेल्या माशाच्या अंगावरून काचेची पातळ पट्टी अलगद फिरवतो, शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेने. नळी गुलाबी दिसली की नमुना फेकून देतो.

त्या आकड्याचा एक खरा उपयोग आहे, तो म्हणजे ताण ओळखायला. माशाला एकदम हिसका बसला, जाळ्यात ओढलं, पाण्याबाहेर ठेवलं, तर काही वेळासाठी लायसोझाइम उलट वाढलेलं दिसू शकतं. मात्र ताण दिवसेंदिवस चालू राहिला की कॉर्टिसोल नावाचा संप्रेरक चढलेला राहतो, पांढऱ्या पेशींचं काम मंदावतं आणि लायसोझाइम उतरतं. म्हणून एकाच पोंयीतले तेच मासे दर पंधरवड्याला तपासले आणि आकडा सलग उतरत गेला, तर मी दखल घेतो. एकुलत्या एका आकड्यावरून रोगाचं निदान होत नाही.

पावडरीवर येऊ.

पाण्यात सोडायची म्हणता. समजा पोंय १००० चौरस मीटर आणि पाणी १.२ मीटर खोल. म्हणजे १२०० घनमीटर, १२ लाख लिटर. त्यात एक किलो पावडर टाकली, आणि ती शंभर टक्के शुद्ध एन्झाइम आहे असं धरलं तरी लिटरला एक मिलिग्रॅमही येत नाही. ती शंभर टक्के नसतेच, बहुतेक वाहक पीठ असतं. शिवाय खाडीचं पाणी. लायसोझाइमला पातळ क्षारद्रावण आवडतं, प्रयोगशाळेत ते तसंच देतात. समुद्राच्या पाण्यातले क्षार त्याच्या कितीतरी पट असतात. क्षार वाढले की एन्झाइम आणि जीवाणूच्या भिंतीमधली विजेची ओढ झाकली जाते आणि ते भिंतीला नीट बिलगत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मांडवीचं पाणी तुमच्या बाजूपर्यंत चांगलंच खारट असतं, आणि तेव्हा पाण्यात सोडलेलं लायसोझाइम पोंयीतल्या गाळाला खत म्हणून फार तर उपयोगी पडेल. माशाचं स्वतःचं लायसोझाइम चिकट्याच्या जाडसर थरात, कातडीला लागून, पूरक प्रथिनांच्या सोबतीने काम करतं म्हणून चालतं. तेच एन्झाइम मोकळ्या पाण्यात ओतणं म्हणजे मानशीची दारं काढून नदीच्या मधोमध ठेवण्यासारखं आहे.

खाद्यात मिसळली तर? चोणकाचं पोट आम्लाने भरलेलं असतं, पेप्सिन असतं. तिथे गेलेल्या प्रथिनाचं जे व्हायचं ते होतं, ते पचतं. अंड्यातलं लायसोझाइम तसं चिवट आहे, त्यातलं थोडं आतड्यापर्यंत टिकून तिथल्या जीवाणूंवर काही परिणाम करू शकेल. काही माशांवरच्या प्रयोगांत फायदा दिसलाही आहे. पण ते आतड्यातून उचललं जाऊन कातडीच्या चिकट्यात जाऊन बसेल ही कल्पना सोडून द्या. त्या डब्यावर एन्झाइमचं नाव, त्याची युनिटं आणि कोणत्या क्षारतेला ती मोजली हे लिहिलंय का पाहा. ‘बहुएन्झाइम शक्ती’ असं काही लिहिलं असेल तर परत करा. डब्यात बहुधा पचनाची एन्झाइमं असतात. ती वाईट नाहीत, पण त्यांचा जीवाणू मारण्याशी संबंध नाही.

यीस्टच्या भिंतीतून काढलेलं बीटा ग्लुकॅन ही वेगळी गोष्ट आहे. ते स्वतः काही मारत नाही. माशाच्या भक्षक पेशी त्याला बुरशीचा तुकडा समजून सावध होतात आणि लायसोझाइमसकट सगळी टोळी कामाला लागते. मी ते वापरतो, पण हिशेबाने. पाऊस सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे, आणि मग बंद. बारा महिने घालणारे पाहिलेत. रोज लांडगा आला म्हणून ओरडलं की पेशीही कंटाळतात. आणि मासे आजारी पडल्यावर सुरू करून उपयोग नाही, तेव्हा ते खातच नाहीत.

खर्च करायचाच तर चिकटा वाचवण्यावर करा. तो कुठे जातो याची तुमच्यासारख्याच पोंयी पाहून मी मनाशी एक क्रमवारी लावली आहे.

पहिल्या नंबरावर वर्गवारी. चोणकाची पिल्लं एकमेकांना गिळतात, म्हणून मोठी-छोटी वेगळी करत राहावी लागतात, आणि सुरुवातीला तर दर काही दिवसांनी. तेच बहुतेक ठिकाणी गाठी असलेल्या नायलॉनच्या जाळ्याने, कोरड्या प्लास्टिकच्या टोपल्यांत, दुपारी बाराच्या उन्हात चाललेलं असतं. प्रत्येक गाठ अंगावर एक ओरखडा काढते. तो ओरखडा तुम्हाला दिसत नाही, व्हिब्रिओला दिसतो. गाठी नसलेलं मऊ जाळं घ्या, टोपल्या पाण्याने ओल्या ठेवा, हात ओले ठेवा, पहाटे काम उरका, आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. एका वेळी थोडेच मासे उचला. जाळ्यात शंभर मासे एकमेकांवर लादले की खालच्यांचा चिकटा वरच्यांच्या कल्ल्यांच्या कडांनी सोलला जातो.

दुसरं, पावसाचं पाणी. मे महिन्यात खारट असलेलं खाडीचं पाणी जुलैत जवळजवळ गोडं होतं. चोणक दोन्हीत जगतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो जगतो, पण हळूहळू झालेला बदल त्याला सोसतो. एका रात्रीत खारटपणात हजारी पंधरा-वीस भागांचा फरक पडला तर अंगातले क्षार सांभाळण्यातच त्याची ताकद जाते आणि चिकटा पातळ होतो. त्यात खाजनाच्या मातीची भर. खारफुटीच्या जुन्या गाळात गंधकाची संयुगं असतात. उन्हाळ्यात बांद उघडा पडून वाळला की त्यांचं आम्ल बनतं आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर ते थेट पोंयीत उतरतं. त्या पाण्याने कल्ले आणि कातडी दोन्ही जळजळतात. मिरग लागायच्या आधी बांदाच्या आतल्या उतारावर चुना मारून ठेवा, आणि पहिल्या पावसाच्या दिवशी पाण्याचा सामू सकाळ-संध्याकाळ मोजा. मानस कधी उघडायची हा निर्णय इथे सगळ्यात मोठा आहे, आणि त्या बाबतीत माझ्यापेक्षा तुमच्या काकांचं ऐका.

तिसरं, खाद्य. ट्रॉलरची स्वस्त मासळी, तारले वगैरे, बर्फात दिवस काढलेली, तशीच घालत असाल तर दोन गोष्टी होतात. तिची चरबी खवट होते. आणि तारल्यांच्या वर्गातल्या माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं. बघा, एन्झाइम म्हटलं की चांगलंच असं नसतं. क जीवनसत्त्व माशाला स्वतः बनवता येत नाही आणि कातडीची जखम भरायला ते लागतंच. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा जुना साठा संपवायचा मोह होतो, आणि नेमक्या त्याच दोन महिन्यांत माशाला चांगल्या खाद्याची सगळ्यात जास्त गरज असते. त्या काळात तयार गोळी खाद्य द्या. महाग पडतं, पण त्या डब्यापेक्षा स्वस्त.

ऑक्सिजन पहाटे मोजा. दुपारी मोजून सगळे खुश असतात. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली जात असेल तर मासे कमी करा किंवा पाणी घुसळणारा पंखा लावा.

आणि अँटिबायोटिक? कोणी क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान वर्गातलं काही देत असेल तर हात लावू नका. खाण्याच्या माशांत त्यांना बंदी आहे. परवानगी असलेलं औषधसुद्धा आधी जंतू ओळखून, कोणतं लागू पडतं ते पाहूनच द्यायचं.

कारण तुमच्या माशांना नेमकं काय झालं होतं हे अजून कोणालाच माहीत नाही. लाल चट्टे आणि सुटलेले खवले व्हिब्रिओनेही होतात. खवले गळवणारा एक विषाणूही चोणकात आहे, त्याचं वर्णन २०१५ मध्ये सिंगापूरच्या माशांवरून झालं. त्याला ना लायसोझाइम लागू पडतं, ना अँटिबायोटिक. म्हणजे पुढच्या खेपेला सीरमचा एकटा आकडा मागवू नका. मूत्रपिंडातून जंतूची वाढ करून घ्या, मीठ घातलेल्या माध्यमावर. बिनमिठाच्या माध्यमावर व्हिब्रिओ उगवला नाही की ‘जंतू नाही’ असा अहवाल येतो, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलं आहे. सोबत ऊतींचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये.

मेलेला, बर्फात ठेवलेला मासा आमच्या प्रयोगशाळेत आणू नका. त्याच्या अंगावर मेल्यानंतरचे जीवाणू वाढलेले असतात आणि आम्ही त्यांचीच नावं तुम्हाला लिहून देतो. तीन आजारी आणि तीन धडधाकट, त्याच पोंयीतले, जिवंत, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, सकाळी नऊच्या आत. पिशवीत पाणी त्याच पोंयीचं भरा. आणि एका कागदावर गेल्या दहा दिवसांचा हिशेब लिहा: खारटपणा, सामू, पहाटेचा ऑक्सिजन, कोणत्या दिवशी वर्गवारी केली, कोणत्या भरतीला मानस उघडली. शेवटचं काकांना विचारून लिहा. तुमच्या वहीत नसलं तरी त्यांना ते तिथीसकट आठवत असेल.